सुनेच्या नवसाचा मलिदा

मुलाने फोनवर विचारलं, "आई, कुठला देश घ्यावा?" जशी काही मी आठवडी बाजारात उभी आहे आणि तो घरून विचारतोय, मेथी आणायची की शेपू. मी म्हटलं, "जो स्वस्त आणि ताजा असेल तो घे." तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की यावेळी प्रकरण पक्कं आहे.

मी कर्नाटकातल्या बसवकल्याणला राहते. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं, आता निवृत्त आहे. आम्ही ज्यू. आमची माणसं कोकणातली, अलिबागकडची. तिथे आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असत. माझ्या नवऱ्याला इकडच्या बस डेपोत मेकॅनिकची नोकरी लागली आणि लग्न होऊन मी त्याच्यामागे आले. इथे ज्यू म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. काहींनी आम्हाला ख्रिश्चनांत घातलं, काहींनी मुसलमानांत, आणि जनगणनेला आलेल्या मुलाने तर मलाच विचारलं, "बाई, काय लिहू?" पण त्रास कुणी कधी दिला नाही. शनिवारी आमची चूल पेटत नाही हे कळल्यावर शेजारची अक्का न विचारता चहा पाठवू लागली, तो आजतागायत येतो.

ही अक्का माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी आहे. बसवण्णांना मानणारं घर, गळ्यात लिंग, तोंडात निम्मी मराठी निम्मी कन्नड. नवरा अडतीचा व्यापार करायचा, शेत जवळच्या कोहिनूर गावाकडे. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे. त्या भिंतीवरून अक्काने माझा सगळा संसार पाहिला आणि वेळोवेळी त्यावर मत दिलं.

मुलगा शिकून इस्रायलला गेला, बारा वर्षं झाली. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करतो. लग्नही तिथंच झालं, आपल्यातल्याच मुलीशी. तिची आजी कोकणातून गेलेली, म्हणून सुनेला मराठी येतं, पण आजीच्या काळातलं. ती मला "मम्मी, जेवलात का बाय?" असं विचारते आणि माझा जीव पाणी पाणी होतो. त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे. तिला मराठीतले फक्त दोन शब्द येतात, आजी आणि गूळ.

गेली काही वर्षं मुलाचा रोज सकाळी एक निरोप येतो. "बरं हाय." एवढाच. रात्री भोंगा वाजला, सगळे जिन्याखालच्या खोलीत पळाले, परत वर आले, सकाळ झाली, सगळे जिवंत आहेत. हे सगळं त्या दोन शब्दांत. मी न्याहारीला बसते, फोन ताटाशेजारी ठेवते, आणि तो निरोप आल्याशिवाय पहिला घास घेत नाही. एखाद्या दिवशी उशीर झाला की भाकरी वातड होऊन जाते. टीव्ही लावायचं मी सोडून दिलं. टीव्हीवर ओरडणाऱ्या माणसांना माझ्या मुलाच्या घराचा नंबर ठाऊक नसतो, मला असतो.

आणि लोक काय म्हणतात? "बाई, तुमचं बरं आहे, तुमचा हक्काचा देश आहे." बँकेतला साहेब म्हणाला, डेपोतले जुने लोक म्हणाले, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा म्हणाली. पूर्वी मी नुसती मान हलवायची. आता मला राग येतो. हक्काच्या देशात माझी नात बूट घालून झोपते. हो, बूट घालून. भोंगा वाजल्यावर एकदा अनवाणी पळताना तिच्या पायात काच गेली, त्या दिवसापासून ती बूट काढू देत नाही. आंघोळीला काढते, आणि पाय पुसून झाले की आधी बूट मागते. सुनेने मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. मग म्हणाली, "मम्मी, मी हितं नाय ठेवणार हिला."

तर असा देश निवडायचा घोळ आमच्या घरात सुरू झाला. आमचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडताच लागतो, म्हणून दर शुक्रवारी त्याच्या आत मुलगा फोन करायचा. मी संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी मनुकांचं सरबत गाळत असायची आणि तो देश सांगत असायचा. जर्मनीत काम चांगलं आहे, पण सून म्हणाली, त्या नावाने तिच्या शेजारच्या म्हातारीला घाम फुटतो, मी तिला काय सांगून निघू. ऑस्ट्रेलियात सुनेची मावसबहीण आहे, पण ती मावसबहीणच परत यायचं म्हणत होती. पोर्तुगाल मला आवडला, कारण तिथे समुद्र आहे आणि माझं माहेर समुद्राजवळचं. मुलगा म्हणाला, "आई, पगार बघ." मी म्हटलं, "मग मला विचारतोस कशाला?" तर म्हणाला, "तू पण येणार आहेस. तुझ्याशिवाय मी ठरवणार न्हाई."

हे वाक्य त्याने सहज टाकलं. मी मात्र ते उचलून घेतलं आणि जपून ठेवलं.

त्यानंतर मी मन लावून भाग घेऊ लागले. त्याचे प्रश्न वेगळे असायचे. आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे तिथे जमतात का, गळ्यातली सहा टोकांची चांदणी शर्टाच्या बाहेर ठेवून रस्त्याने चालता येतं का, मुलीच्या शाळेच्या दारात पहारा असतो का. माझे प्रश्न वेगळे. शेजारी कसे आहेत? दार लोटून आत येतात की घंटी वाजवतात? आणि माणूस गेला तर पुरायला जागा कोण देतं? तो म्हणायचा, "आई, असं कामून विचारायलीस?" त्याला ठाऊक होतं कामून ते.

माझा नवरा अचानक गेला. डेपोतून आला, पाणी मागितलं, आणि मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. आमच्यात माती लवकर द्यावी लागते. आमचं जवळचं कबरस्तान कितीतरी लांब, आणि मुलगा त्याहून लांब. अक्काच्या नवऱ्याने एका शब्दात सांगितलं, आमच्या शेताच्या कडेला द्या, आमी बी पुरतोच की. त्याची माणसं कुदळी घेऊन पुढे गेली आणि आम्ही पोहोचलो तर खड्डा तयार, पण चौकोनी आणि खोल. त्यांच्यात गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात. त्यांना वाटलं, पुरायचं म्हणजे असंच. आमच्यात झोपवतात. मग मीच म्हटलं की हे लांब करावं लागेल. अक्काच्या नवऱ्याने डोक्याचा रुमाल काढून कमरेला बांधला आणि स्वतः खाली उतरून खणायला लागला. दहा ज्यू पुरुष कुठून आणणार? लिंगायत होते, डेपोतले मुसलमान ड्रायव्हर होते, आमच्या शाळेतले बौद्ध सर होते. मुलाने फोनवरून प्रार्थना म्हटली आणि सगळे टोप्या-रुमाल घालून उभे राहिले. आजही त्या कबरीचं एक टोक चौकोनी दिसतं.

म्हणून मी शेजाऱ्यांची चौकशी करायची. मुलगा पुन्हा पगारावर यायचा. परदेशात शेजाऱ्यांची माहिती कुठे मिळते?

एके शुक्रवारी त्याने सांगितलं, कॅनडा. सुनेला कॅनडाच हवा होता. तिथे तिची एक मैत्रीण होती, तिथे काम मिळण्यासारखं होतं, आणि तिथल्या आकाशातून फक्त बर्फ पडतो असं ती म्हणाली. मग तिने फोन हातात घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मम्मी, मी एलियाहू हन्नबीला मलिदा बोललीय. कॅनडा झालं की तुमी करा, पपांच्या घरात करा. हितं तोवर भांडी पण बांधलेली असतील."

एलियाहू हन्नबी आमचा नवसाला पावणारा प्रेषित. तो स्वर्गात जाताना कोकणात थांबला होता असं आमची माणसं सांगतात, त्याच्या घोड्याच्या टापांच्या खुणा तिथल्या खडकावर अजून आहेत. काही मागायचं असलं की त्याला मलिदा बोलतात, आणि झालं की पोह्यांचा गोड मलिदा करून, फळं मांडून, प्रार्थना म्हणून सगळ्यांना वाटतात. माझ्या लग्नाला झाला, मुलाच्या जन्माला झाला, तो पहिल्यांदा सुट्टीवर घरी आला तेव्हा झाला. आमच्या गल्लीला मलिदा चांगला ठाऊक आहे. अक्का तर त्याला "तुमच्या देवाचा सुसला" म्हणते, सुसला म्हणजे इकडचा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ.

सुनेने बोलला, तर आपणही बोलावा म्हणून मी दिवा लावून बसले. आणि मला काही मागताच येईना. मुलाने घरी यावं, असं ओठांवर आलं होतं. पण घरी येऊन काय करेल? इथली यंत्रं दुरुस्तीला हैदराबादला जातात. सुनेला इथे ओळखणारं कुणी नाही. नात शाळेत काय बोलेल, आजी आणि गूळ? मग मनात आलं, मला बरोबर नेऊ दे. ते मागायची लाज वाटली. देवापुढे बसून आपलंच ताट वाढून घेतल्यासारखं वाटलं. कॅनडा मागावा तर तो नकाशावर दाखवतानासुद्धा मला कधी आवडला नव्हता, फळा संपायचा पण तो संपायचा नाही. शेवटी वात संपत आली तेव्हा मी एवढंच म्हटलं, त्या पोरीला बूट काढून झोपू दे. कुठंही.

दुसऱ्या दिवसापासून मी मात्र निर्लज्जासारखी तयारीला लागले. सोलापूरला गेले तेव्हा दोन जाड चादरी घेतल्या. दुकानदाराने विचारलं, "बाई, लग्न आहे का घरात?" मी म्हटलं, "थंडीच्या गावी जायचंय." पहिल्यांदाच ते मोठ्याने बोलले होते.

अक्काने चादरी पाहिल्या. मी म्हटलं, "पोरं तिकडून निघायलेत." त्यापुढे मला सांगायचं होतं, आणि सांगवेना. कॅनडाचं नाव घेतलं असतं तर मीही जाणार हे सांगावं लागलं असतं, आणि अक्काच्या तोंडाकडे बघून ते सांगायची माझी हिंमत नव्हती. ती एकदम म्हणाली, "लई चांगलं झालं बाई. लई दिस झाले." आणि चादरीवरून हात फिरवत राहिली. तिथून निघायचं म्हणजे माणूस घराशिवाय कुठे जाणार, असा तिचा हिशेब. माझ्या तो त्या वेळी लक्षातच आला नाही.

दिवाळीनंतर मुलाचा फोन आला, शुक्रवार नसताना. कॅनडाचं काम झालं होतं. तिघांचं. तो खूप बोलत होता, घराबद्दल, शाळेबद्दल, बर्फ काढायच्या फावड्याबद्दल. मी शाळेत अशी मुलं खूप पाहिली आहेत, प्रश्नाचं उत्तर येत नसलं की निबंध सांगतात. शेवटी म्हणाला, "आई, आईवडिलांचं वेगळं असतंय. आधी आमी तिथं स्थिर व्हायचं, मग अर्ज, मग चिठ्ठ्या काढतात. नाव निघालं तर."

"बरं," मी म्हटलं.

"तू रागावलीस."

"मी कशाला रागावू? चिठ्ठी काढणाऱ्यावर रागावू का?"

"आई, मला खरंच म्हाईत नव्हतं."

त्याला माहीत नव्हतं यावर माझा विश्वास आहे. मला माहीत असायला हवं होतं, असंही नाही. कुणाचीच चूक नव्हती आणि म्हणूनच भांडायला काही हाताशी नव्हतं. फोन ठेवून मी दोन्ही चादरी कपाटात वरच्या फळीवर टाकल्या. मग आठवलं, नवस फेडायचा आहे. कॅनडा झालं होतं.

रविवारी सकाळी मी परातीत पोहे भिजवले. नारळ खवला, साखर, वेलची, मनुका. अंगणातल्या सब्जाच्या काड्या तोडायला गेले तर अक्का भिंतीपलीकडे उभी.

"पोहे भिजवायलीस?"

"व्हय."

"मलिदा?"

"व्हय."

ती पुढे काही न ऐकता आत वळली. मी फळं धुवेपर्यंत तिने गल्लीतल्या सगळ्या दारांत सांगितलं होतं की बाईचा पोरगा यायलाय, बायकापोरांसकट, कायमचा. मला कळलं ते पहिली बाई गुलाबांची परडी घेऊन दारात आली तेव्हा. "बाई, कवा येलेत? गाडी सोलापूरला उतरणार का हैदराबादला?" मागून डेपोतला जुना ड्रायव्हर, त्याने खजूर आणले होते. मग बौद्ध सर, सवयीप्रमाणे इस्त्रीच्या शर्टात. सरांना कुठल्याही गोष्टीचं भाषण करायची सवय आहे. त्यांनी खुर्चीवर बसून सांगायला सुरुवात केली की त्यांच्या आजोबांनी धर्म बदलला पण गाव बदललं नाही, आणि आता माझा मुलगाही गावाला परत येतोय, हे किती महत्त्वाचं आहे. सगळे मान हलवत होते. अक्काने कोहिनूरच्या शेतातली शेवटची सीताफळं आणली होती, चांगली निवडून, आणि ती परातीभोवती मांडत होती.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण परात भरली होती, दिवा लागला होता, आणि इतक्या माणसांच्या आनंदात उभं राहून "तो येत नाही" हे म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यात नव्हता.

फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. मुलगा दिसला, मागे बांधलेल्या पेट्या, सून डोक्यावर रुमाल घेऊन. त्याने प्रार्थना सुरू केली. बापाचाच सूर, शेवटच्या अक्षराला जरा लांबवायचा. फळांचा आशीर्वाद झाला, सब्जाच्या सुवासाचा झाला, "एलियाहू हन्नबी" म्हणताना नात मध्येच आली आणि तिचे गुलाबी बूट क्षणभर दिसले. गल्लीतल्या बायकांनी हात जोडले होते. आमेन झालं आणि अक्का फोनच्या अगदी जवळ गेली, तिला वाटतं लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं.

"कवा येलायस रे? खोली झाडून ठिवू का?"

मुलाला समजेना. त्याने माझ्यामागे उभ्या माणसांकडे पाहिलं, गुलाबांकडे, सीताफळांकडे, मग माझ्याकडे. मी त्याला काही खुणावलं नाही. मला खुणावताच आलं नसतं. त्याच्या चेहऱ्यावरून सगळं सरकत गेलेलं मी पाहिलं. मग तो म्हणाला, "येतो अक्का."

"लवकर ये," अक्का म्हणाली. "तुझी आई वाळायली."

मलिदा सगळ्यांना पुरला. लोक खाऊन, हात धुऊन, मला शुभेच्छा देऊन गेले. अक्का थांबली. परात माझ्या हातातून ओढून घेतली आणि अंगणात बसून घासायला लागली. बराच वेळ घासल्यावर, मान वर न करता म्हणाली, "न्हाई येत ना?"

"न्हाई. दुसऱ्या देशात जायलेत. कॅनडाला."

"मग मलिदा कामून केलीस?"

"सुनेचा नवस होता. तिचा पुरा झाला."

"आन तू जाणार?"

"मला न्हाई जाता येत. चिठ्ठी निघावी लागते."

अक्काने परात उलटी घातली. मला वाटलं आता ती चिडेल, कारण गल्लीत तोंडघशी तीच पडणार होती. ती म्हणाली, "आता मी लोकायला काय सांगू?"

"नको सांगू काही."

"इचारतील की गं."

"इचारू दे."

ती उठली, पदराला हात पुसले आणि घरी गेली. दुपारी भाकरी आणि आमटी आली भिंतीवरून. रविवार होता, माझी चूल चालू होती, तरी आली. मग मी रडले.

ते कॅनडाला पोहोचले त्याला आता काही आठवडे झाले. गल्लीतले लोक पहिल्यांदा विचारत होते, मग अक्काने काय सांगितलं कोण जाणे, विचारायचे थांबले. सर रस्त्यात भेटले तर हवापाण्याबद्दल बोलतात, भाषण करत नाहीत. तेवढ्यावरून कळलं की त्यांनाही कळलंय.

सकाळचा निरोप आता येत नाही. सुरुवातीला मी ताटाशेजारी फोन ठेवून बसायची, भाकरी वातड व्हायची. मग मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, हितं रात्री काही होतच न्हाई. सांगायचं काय?" खरंच आहे. बरं आहे हे सांगायची वेळ फक्त बरं नसलेल्या गावात येते. शुक्रवारी फोन करतो, पण त्यांचा सूर्य आणि माझा सूर्य आता जुळत नाही, मी सरबत घेऊन बसते तेव्हा तो नुकता उठलेला असतो.

काल मात्र एक फोटो आला, सुनेने पाठवलेला. खाली काही लिहिलं नव्हतं. जाड दुलई, त्यात नात पालथी झोपलेली, आणि दुलईच्या बाहेर आलेली दोन छोटी, उघडी पावलं. एका टाचेवर काचेचा जुना वण दिसत होता. मी तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. पलंगाखाली, कोपऱ्यात, कुठेच बूट दिसले नाहीत.

आज सकाळी उठून मी पोहे भिजवले. सब्जा तोडायला अंगणात गेले. अक्का भिंतीपलीकडे उभी होती, तिने माझ्या हातातल्या सब्जाकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आता कोण येलाय?"

"कुणी न्हाई," मी म्हटलं. "ह्यो माझा नवस हाय. मी मागितलेलं मिळालं."